ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, स्टेज २: ई१०० मिसळून ई४० करायचं तर कंपनीचा हाय प्रेशर पंप पुरेल का?

टिळकवाडी_आरएस

नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २.० टीएसआय. टर्बो मूळचाच आयएस२०. डाउनपाइप, मोठा इंटरकूलर, इनटेक बसवलेत, स्टेज २ मॅप (इंजिन चालवणाऱ्या इसीयू या कॉम्प्युटरमधली बदललेली सेटिंग) आहे आणि डीएसजी गिअरबॉक्सचाही मॅप केलेला आहे. मॅप पंपावरच्या साध्या ई२० वर (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) बांधलाय. टाकीतला पंप, हाय प्रेशर पंप (इंजेक्टरला जास्त दाबाने इंधन देणारा), इंजेक्टर, सगळं कंपनीचं.

अडचण अशी की एप्रिल-मेच्या दुपारी हायवेला निपाणीच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या गिअरात पूर्ण थ्रॉटल दिला की चारही सिलिंडरला इसीयू ४ ते ५ अंश टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे ओढतो. संध्याकाळी गार हवेत तेच २ अंशांवर येतं. म्हणजे ऑक्टेन कमी पडायलंय हे उघड आहे.

आता ई१०० निवडक पंपांवर मिळतं. ते ई२० मध्ये मिसळून ई४० करावं असा विचार आहे. हाय प्रेशर पंप टिकेल का? ५० लिटरच्या टाकीला किती लिटर घालायचं? फ्लेक्स सेन्सर (इंधनात किती इथेनॉल आहे ते मोजणारा) लागेलच का? आणखी एक, जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, डिस्टिलरीतलं स्पिरिट कॅनमध्ये आणून वापरता येतं असं काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

उद्यमबाग_ट्यूनर

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. कारण डिस्टिलरीतले जाणकार खाली लिहितीलच. बाकीचं सविस्तर सांगतो.

ई४० वर थेट उडी घेऊ नका. तुमची तक्रार टायमिंग मागे येण्याची आहे, तिला ई३० पुरेसं ठरण्याची शक्यता जास्त. आणि ई३० साठी मॅप लगेच बदलावाही लागत नाही. या इंजिनचा सिमॉस इसीयू पूर्ण थ्रॉटललाही वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बघून इंधन दुरुस्त करतो. ई२० च्या जागी ई३० आलं तर तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त लिटर लागतं. एवढं तो फ्युएल ट्रिममध्ये (इंधन आपोआप कमी-जास्त करण्यात) सहज सामावून घेतो. वर नॉकिंग (सिलिंडरमधलं इंधन आपोआप भडकून बसणारा ठोका) थांबल्यामुळे जे ४-५ अंश तो काढून घेत होता ते आपोआप परत मिळतात. म्हणजे मॅपमध्ये लिहिलेलं पण उन्हाळ्यात न मिळणारं टायमिंग तुम्हाला मिळेल. पहिली पायरी ही. ई४० चा मॅप त्यानंतरचा विषय.

हिशोब नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथेच आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलो इंधनामागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाचे आकडे असे येतात: ई२० ला साधारण १३.५, ई३० ला १२.९, ई४० ला १२.३, ई८५ ला ९.८. घनतेतला फरक धरून लिटरमध्ये मोजलं तर ई२० च्या तुलनेत ई३० ला ४ टक्के, ई४० ला ८, ई६० ला १८ आणि ई८५ ला ३३ टक्के जास्त इंधन पुरवावं लागतं. शिवाय ई२० स्वतःच शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसात टक्के जास्त मागतं. म्हणजे तुमच्या पंपाची तेवढी शिल्लक ई२० नेच खाल्लेली आहे, हे बरेच जण विसरतात.

ई४० वर फक्त ८ टक्के वाढणार असं वाटतं, पण टायमिंग आणि बूस्ट वाढवून पॉवर ५ टक्क्यांनी वर नेली की पंपावरचा भार १३ टक्क्यांच्या पुढे जातो. स्टेज २ आणि आयएस२० वर कंपनीचा हाय प्रेशर पंप ई३० बहुधा निभावतो, ई४० काठावर असतं आणि त्यापुढे मोठ्या पिस्टनचा पंप घातल्याशिवाय जायचं नाही. तुमची गाडी नेमकी कुठे उभी आहे ते लॉगच, म्हणजे इसीयूच्या आकड्यांची नोंदच, सांगेल.

लॉग असा घ्या. सपाट, मोकळा रस्ता, तिसरा गिअर, २,५०० पासून ६,५०० आरपीएमपर्यंत सलग. रेलचं (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या पाइपचं) मागितलेलं आणि प्रत्यक्ष प्रेशर, टाकीतल्या पंपाकडून येणारं लो प्रेशर, मागितलेला आणि प्रत्यक्ष लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं), इंजेक्शनचा वेळ, चारही सिलिंडरचं वेगवेगळं नॉक रिटार्ड, इनटेक हवेचं तापमान आणि बूस्ट, एवढं एका लॉगमध्ये पाहिजे. मागितलेलं २०० बार असताना प्रत्यक्ष प्रेशर ५,००० च्या पुढे १०-१५ बारने खाली जायला लागलं तर पंप संपला, पाय काढा. लो प्रेशरही त्याच वेळी घसरत असेल तर दोष टाकीतल्या पंपाचा किंवा फिल्टरचा, हाय प्रेशर पंपाचा नव्हे. हा फरक न बघता हजारो रुपयांचा पंप बदलला जातो आणि अडचण तशीच राहते.

इंजेक्शनचा वेळ का बघायचा? डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे वेळेला मर्यादा आहे. ६,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ९.२ मिलिसेकंदांत संपतो. इनटेक स्ट्रोक आणि कॉम्प्रेशनचा थोडा भाग धरला तर हाताशी साडेसहा-सात मिलिसेकंद उरतात. त्यापुढे इंजेक्टर उघडाच राहिला तर थेंब पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, काजळी होते, तेलात इंधन उतरतं. रेल प्रेशर पडलं की इसीयू हा वेळ आणखी लांबवतो आणि गाडी त्या चक्रात अडकते.

सर्वांत धोक्याची गोष्ट आता. ई४० चा मॅप गाडीत आणि टाकीत ई२०, हा मेळ इंजिन मोडतो. लॅम्डा बरोबर दिसतो, गाडी सुरळीत पळते, पण टायमिंग त्या इंधनाला न झेपणारं असतं. उलटा प्रकार, म्हणजे ई२० चा मॅप आणि टाकीत ई३०, सुरक्षित आहे. म्हणून सेन्सर नसेल तर मॅप कमी इथेनॉलवर ठेवा आणि टाकीत थोडं जास्त ठेवा, कधीही उलट नको.

हुक्केरी_डिस्टिल

स्पिरिटबद्दल लिहितो.

कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी किंवा रस आंबवून जो वॉश तयार होतो त्यात अल्कोहोल साधारण ८ ते १० टक्के असतं. ते ऊर्ध्वपातनाने ९५ टक्क्यांपर्यंत नेतात, तेच रेक्टिफाइड स्पिरिट. त्याच्या पुढे नुसतं उकळून पाणी निघत नाही, कारण त्या प्रमाणात पाणी आणि अल्कोहोल एकत्रच वाफ होतात. उरलेलं पाणी काढायला मॉलेक्युलर सीव्ह लागते: झिओलाइटच्या गोळ्या भरलेल्या टाक्यांतून वाफ सोडली की पाणी गोळ्यांत अडकतं आणि ९९.५ टक्क्यांच्या वरचं निर्जल इथेनॉल बाहेर येतं. पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्या फक्त हेच घेतात.

कॅनमधून जे हाती येईल ते कुठल्या टाकीतलं हे तुम्हाला कळणार नाही. ९५ टक्क्यांचं असेल तर प्रत्येक लिटरमागे ५० मिली पाणी. १० लिटर घातलं की टाकीत अर्धा लिटर पाणी गेलं. ई२० च्या आसपासचं मिश्रण खोलीच्या तापमानाला एका टक्क्याहूनही कमी पाणी धरून ठेवतं आणि गारवा वाढला की ती क्षमता आणखी घटते. डिसेंबरात पहाटे बेळगावात पारा १२-१३ अंशांवर आला की ढगाळ होऊन थर वेगळे होऊ शकतात. खाली पाणी आणि अल्कोहोलचा थर, वर इथेनॉल निघून गेल्याने ऑक्टेन उतरलेलं पेट्रोल. पंप टाकीच्या तळातून ओढतो, त्यामुळे आधी तो खालचाच थर इंजेक्टरकडे जातो.

डिनेचर्ड स्पिरिट तर मुळीच नको. त्यात मिथेनॉल असू शकतं. मिथेनॉलला एका किलोला ६.४ किलोच हवा लागते, ॲल्युमिनियमचे भाग ते खातं आणि फ्लेक्स सेन्सर त्याला ओळखत नाही, चुकीचा आकडा देतो.

आणि कायद्याचं: असं स्पिरिट परवान्याशिवाय बाळगणं, नेणं हा कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ खाली गुन्हा आहे. कारखान्याच्या गेटबाहेर ते कुणी देत असेल तर ते चोरीचं आहे एवढं समजून चला.

मळीचं इथेनॉल चांगलं की मक्याचं, असाही वाद बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. निर्जल केल्यावर रेणू एकच. इंजिनला काही फरक पडत नाही.

टिळकवाडी_आरएस

स्पिरिटचा विषय संपला, धन्यवाद अण्णा. पंपावरच्या ई१०० मध्ये खरोखर १०० टक्के इथेनॉल असतं का? त्यावरच लिटरचा हिशोब अवलंबून आहे. आणि मिश्रण घरी तपासायचं कसं?

हुक्केरी_डिस्टिल

१०० टक्के नसतं. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये पाच राज्यांत ते आणलं, त्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. त्याची घडण ९३ ते ९३.५ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि दीड टक्का को-सॉल्व्हंट अशी आहे. म्हणून हिशोबात ९३ धरा.

तपासणी सोपी आहे. १०० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर, झाकण किंवा बूच बसणारा. १० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घाला, त्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. वर १०० च्या खुणेपर्यंत इंधन. बूच लावून मिनिटभर हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, मग १५ मिनिटं सपाट जागी ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि रंगीत थर वाढतो. थर २८ वर आला तर १८ मिली इथेनॉल ९० मिली इंधनात होतं, म्हणजे २० टक्के. थर ३७ वर आला तर २७ भागिले ९०, म्हणजे ई३०. ही पद्धत टक्का-दोन टक्के कमी दाखवते, ते मनात धरा. ई६० च्या पुढच्या मिश्रणाला पाणी आणि इंधन निम्मं-निम्मं घ्या, १० मिली पाण्यात एवढं इथेनॉल नीट वेगळं होत नाही.

उघड्यावर, सावलीत, सिगारेट आणि मोबाइल चार्जरपासून लांब करायचं. काचेच्या बरणीत अंदाजाने करू नका, खुणा असलेलंच भांडं पाहिजे.

उद्यमबाग_ट्यूनर

लिटरचं सूत्र: हवं ते टक्के वजा २०, भागिले ७३, गुणिले एकूण लिटर. ७३ म्हणजे ९३ आणि २० मधलं अंतर. टाकी रिकामी धरून ५० लिटरला ई३० करायला ६.८ लिटर ई१०० आणि बाकी ४३.२ लिटर ई२०. ई४० ला १३.७ आणि ३६.३.

टाकी कधीच पूर्ण रिकामी नसते, पण त्याने गुंतागुंत होत नाही. समजा टाकीत १२ लिटर ई३५ शिल्लक आहे आणि पुन्हा ई३५ च ठेवायचंय, ३३ लिटर नवीन भरणार. जुनं जसं आहे तसं राहतं, हिशोब फक्त नव्या ३३ लिटरचा: ३३ गुणिले १५ भागिले ७३, म्हणजे ६.८ लिटर ई१००. आधी ई१०० भरा, त्यावर ई२०, म्हणजे जोराने पडणाऱ्या पेट्रोलबरोबर ते चांगलं मिसळतं. नंतर ८-१० किलोमीटर हलक्या पायाने चालवा. पाइपमध्ये, फिल्टरमध्ये आणि रेलमध्ये अजून जुनंच इंधन असतं आणि इसीयूला ट्रिम शिकायलाही वेळ पाहिजे.

पंपावरचं ई२० नेमकं २० आहे असं गृहीत धरू नका. प्रीमियम पेट्रोल भरत असाल तर त्यात किती इथेनॉल आहे तेही वरच्या खुणांच्या नळीत मोजा. सूत्रातला २० हा आकडा मोजून आलेला असला पाहिजे.

निपाणी_१८टी

टीएसआयवाल्या भावांनो, डायरेक्ट इंजेक्शनमधी एवढी कसरत करायच्या आधी जुनी ऑक्टाव्हिया आरएस बघा की. १.८ टर्बो २० व्हॉल्व्ह, पोर्ट इंजेक्शन (इंधन सिलिंडरच्या बाहेर, इनटेकमधी पडतंय). इंजेक्टर बदलला, टाकीतला पंप बदलला की ई८५ लागू. हाय प्रेशर पंपाची भानगडच नाही. इथेनॉलला खरी गाडी तीच.

इंजेक्टर किती मोठा घ्यायचा ते सांगतो. टर्बो गाडीला पेट्रोलवर एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६.३ सीसी इंधन लागतं. २०० हॉर्सपॉवरचं लक्ष्य असेल तर एका सिलिंडरला ३१५ सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३७०. ई८५ ला शुद्ध पेट्रोलच्या १.४२ पट, म्हणजे ५२५. बाजारात ५५० सीसीचा मिळतो तो घ्या. २५० हॉर्सपॉवर पाहिजे असेल तर हिशोब ६५८ वर जातो, ६३० चा संच कमी पडतो, म्हणून त्याच्या वरचाच बघा.

पंपात फसायला होतं. वॉलब्रोचा २५५ लिटरचा पंप सगळे घालतात, पण तो पेट्रोलसाठी बनवलाय. ई८५ ला चालणारा वेगळा येतो, ४५० लिटरचा. ती ओळ कंपनीच्या कागदावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठा पंप घातला की त्याची वायर आणि रिलेही वेगळी ओढा, बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूज लावून. जुन्या बारीक वायरीवर व्होल्टेज पडतंय आणि ४५० चा पंप ३०० चं काम करतोय.

रबर सगळं तपासा. जुन्या गाडीतली नायट्राइलची ओ-रिंग फुगते, होज आतून सोलते आणि तिचे तुकडे इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. व्हिटॉनच्या ओ-रिंगा, आतून टेफ्लॉन असलेली होज. जस्त चढवलेला पत्रा इथेनॉलच्या वाटेत कुठंच नको.

उद्यमबाग_ट्यूनर

१.८ टर्बोबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो. त्या गाडीत हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर असेल तर आपल्याकडची उंची लक्षात घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब ०.९२-०.९३ बार. गेजवर १.२ बार दाखवत असेल तर एकूण दाब २.१३. चोर्ला उतरून गोव्यात गेलात की गेजवर तेच १.२, पण एकूण २.२१. सिलिंडरमध्ये ४ टक्के जास्त हवा, वर किनाऱ्यावरची उष्ण दमट हवा. बेळगावात काठावर ट्यून केलेली गाडी तिथे नॉक करू शकते. तिथला लॉग घेऊनच मॅप पक्का करा.

व्हीआरएसमध्ये उलट आहे. सिमॉस एकूण दाब बघून बूस्ट धरतो, त्यामुळे गोव्यात जास्त हवा जात नाही. मात्र इथे तोच दाब गाठायला टर्बोला जास्त मेहनत पडते: २.२ बारला गोव्यात गुणोत्तर २.१७, इथे २.३८. आयएस२० लहान टर्बो आहे. ६,००० च्या पुढे त्यातून हवा जास्त गरम निघते, आणि आपल्या भागातल्या स्टेज २ गाड्यांना उन्हाळ्यात टायमिंग जास्त गमवावं लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. इथेनॉलचा खरा उपयोग इथेच. त्याची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषली जाते, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ती थेट सिलिंडरमधल्या हवेतून शोषली जाते. ऑक्टेन वाढतं ते वेगळंच.

टिळकवाडी_आरएस

हे उंचीचं गणित कुणी सांगितलं नव्हतं. ठरलं, आधी ई३० आणि जुना मॅप. पण पुढे ई४० चा मॅप करायचाच झाला तर फ्लेक्स सेन्सर घेऊ का? आणि प्लग, तेल, फिल्टर काय बदलायचं?

उद्यमबाग_ट्यूनर

सेन्सर विकत घेण्याआधी ट्यूनरला विचारा की त्याचा मॅप तो वाचू शकतो का. सिमॉसला सेन्सरची वायर सरळ जोडून चालत नाही, मध्ये कॅनवर (गाडीतल्या डेटा वायरिंगवर) बोलणारं मॉड्यूल लागतं आणि मॅपही तसा लिहिलेला असावा लागतो. तसं नसेल तर सेन्सर फक्त मीटरसारखा वापरा, तरीही तो कामाचा आहे.

सगळीकडे वापरतात तो कॉन्टिनेन्टलचा, जीएमच्या गाड्यांत येणारा. तीन वायरी: १२ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. सिग्नलला ५ व्होल्टचा पुल-अप लागतो. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे १००. मधलं सरळ रेषेत, म्हणजे ई३० ला ८० हर्ट्झ. पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमान कळतं. १५० च्या बरंच वर गेला तर इंधनात पाणी आहे असं समजा आणि गाडी तिथेच बंद करा. बसवायचा लो प्रेशर लाइनमध्ये, हाय प्रेशर पंपाच्या आधी, एक्झॉस्टपासून लांब. कनेक्टर खटका लागेपर्यंत बसवा, ओढून बघा, इंजिन चालू करून दहा मिनिटं गळती तपासा.

प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेत आकडा मोठा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलट. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. बूस्टवर मिस मारायला लागली तर कॉइलवर संशय घ्यायच्या आधी गॅप मोजा.

फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला. इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना चिकटा सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये जमा होतो. लो प्रेशर हळूहळू पडत असेल तर पहिलं कारण हेच.

तेल ५,००० किलोमीटरला. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर त्याहून लवकर. इथेनॉल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, इंजिन पूर्ण गरम झालं तरच वाफ होऊन निघतं. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली किंवा डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर वाट बघू नका, तेल काढा.

टायमिंग वाढवताना एक-एक अंशाने जा, प्रत्येक पायरीला डायनोवर (इंजिनचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) टॉर्क बघा. ई४० वर ई२० पेक्षा ३ ते ५ अंश जास्त चालतात. टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, नॉकिंग येत नसलं तरी. हे महत्त्वाचं आहे. पेट्रोलवर नॉकिंग आधी येऊन इशारा देतं; जास्त इथेनॉलवर तो इशारा येतच नाही, सिलिंडरमधला दाब वाढत जातो आणि तो भार कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट सोसतात. ३,००० आरपीएमच्या खाली टॉर्क वाढवू नका, तिथे फायदा काही नाही आणि रॉडवर सर्वांत वाईट भार तिथेच येतो. तुमच्या डीएसजीचे (डीक्यू२५०) क्लचही तिथेच घसरतात.

वाइडबँड गेज एएफआर (एका किलो इंधनाला किती किलो हवा) दाखवत असेल तर तो लॅम्डावर करा. गेज पेट्रोलच्या १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. ई४० वर ११.८ दिसलं तरी खरा आकडा ९.९ असतो. लॅम्डा ०.८० म्हणजे कुठल्याही इंधनावर ०.८०. ट्यूनरशी बोलताना याच भाषेत बोला.

खानापूर_रोड

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

ई१०० हे फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे. २०१७ ची व्हीआरएस त्यात बसत नाही. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलंय आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. गाडी जळाली किंवा अपघात झाला तर विमा कंपनी यावर बोट ठेवू शकते. हे माहीत असूनच काय ते ठरवा.

दुसरं, आग. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसत नाही. हाय प्रेशर पंप किंवा सेन्सरचं काम करताना पेट्रोलच्या सवयीवर जाऊ नका. गरम इंजिनवर काम नको. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग रेलचं प्रेशर लॉगरवर उतरलेलं बघा, मगच पाना लावा, तोही जाड फडकं गुंडाळून. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर पाहिजे. पंप परत बसवताना खालच्या रोलर टॅपेटला तेल लावा, कॅमचा उंचवटा टॅपेटखाली नाही याची खात्री करा आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने ओढला तर पंप तिरका बसून टॅपेट खराब होतो.

निपाणी_१८टी

पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा कायम ओली. गाडी महिनाभर उभी राहणार असंल तर अर्धी टाकी ठेवू नका, एकतर पूर्ण भरा नाहीतर साध्या ई२० वर आणून ठेवा. झाकणाचं रबर तपासा. आणि थंडीत ई८५ वर पहाटे चालू व्हायला कुरकुर करती. इथेनॉलची १५ अंशांखाली वाफ नीट होत नाही, त्यामुळं क्रँकिंगचं इंधन मॅपमधी बरंच वाढवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत ई७० च्या पुढं जायची गरज नाही, पॉवरमधी फरक जाणवत पण नाही.

टिळकवाडी_आरएस

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: ॲव्हरेज किती घटेल? आणि ई४० चा मॅप झाल्यावर लांबच्या प्रवासाला, जिथे ई१०० मिळणार नाही, काय करायचं?

उद्यमबाग_ट्यूनर

एका लिटरमधली ऊर्जा बघा: पेट्रोल ३२ मेगाज्यूल, इथेनॉल २१. ई२० वरून ई३० ला साडेतीन टक्के घट, ई४० ला ७. निवांत चालवताना एवढीच दिसेल.

प्रवासासाठी ट्यूनरकडून दोन मॅप एकाच फाइलमध्ये मागा, क्रूझच्या बटणावरून बदलता येणारे. एक ई२० चा, एक ई४० चा. ते जमत नसेल तर ई२० ची फाइल फोनवर किंवा लॅपटॉपवर जवळ ठेवा आणि निघायच्या आधीच गाडीत घाला. क्रम पाळा: आधी मॅप ई२० वर, मग टाकीत ई२०. परत येताना उलटं: आधी टाकीत ई४०, नळीत मोजा, दहा किलोमीटर चालवा, मग मॅप. परत ई४० ला आल्यावरचा पहिला पूर्ण थ्रॉटल लॉगरशिवाय मारू नका. एखाद्या सिलिंडरला ३ अंशांच्या वर रिटार्ड दिसलं तर मिश्रण कमी आहे असं धरून ई२० च्या मॅपवर परत या. ई३० चा लॉग आला की रेल प्रेशरचा आलेख इथे टाका, पंपात किती शिल्लक आहे ते त्यावरून सांगता येईल.